अण्णांसाठी सिनेमे: वर्णनाच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

आजपासून नोंद ठेवते.

माझे वडील, अण्णा, त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, दोन्ही डोळ्यांत झिजलाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दाराची चौकट दिसते, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. ताटाची कड दिसते, वरण कुठे वाढलंय ते हाताने शोधावं लागतं. टीव्हीसमोर बसले की भोवतालची भिंत दिसते आणि चित्राच्या जागी धुरकट डाग. मार्चपासून त्यांनी टीव्ही लावणंच सोडलं. मिलची दुपारपाळी सुटली की सायकल मारत इंदूरच्या रीगल टॉकीजचा शेवटचा खेळ गाठणारा माणूस संध्याकाळभर खिडकीशी गप्प बसतो, ते मला बघवत नाही.

ठरवलंय ते असं. सिनेमाचा मूळ आवाज जशाचा तसा ठेवायचा. दोन संवादांच्या मध्ये जी मोकळी जागा असेल तिथे पडद्यावर काय दिसतंय ते मी सांगायचं आणि ते आवाजात मिसळायचं. परदेशी सिनेमांना असा वर्णनाचा ट्रॅक मिळतो. आपल्याकडेही यंदाच्या मार्चमध्ये केंद्र सरकारने चित्रपटगृहांसाठी अशा सोयींच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पण अण्णांना हवेत ते जुने-नवे मराठी-हिंदी सिनेमे वर्णनासकट मला कुठे मिळाले नाहीत. म्हणून घरच्या घरी, अण्णांपुरते, आपणच करायचे.

सामान: लॅपटॉप, आवाज जोडायचं ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर, मुलाचा माइक. रेकॉर्डिंगची जागा म्हणजे आईचं लाकडी कपाट. आत गोधड्या टांगल्यात, त्यामुळे आवाज घुमत नाही.

आणखी एक अडचण आहे आणि ती डोळ्यांइतकीच मोठी आहे. अण्णांनी अठ्ठावीस वर्षं मिलच्या साळखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, काढली. लूमच्या खडखडाटाने वरच्या पट्टीचं ऐकू येणं गेलंय. बोलणं ऐकू येतं, पण स, श, त, फ पुसले जातात. त्या आवाजात साचेवाले, म्हणजे लूम चालवणारे, एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायचे. म्हणजे अण्णा जन्मभर निम्मं डोळ्यांनी ऐकत आले. डोळे गेले तेव्हा ते निम्मं ऐकणंही गेलं. ही गोष्ट मला आत्ता, मी सत्तावन्न वर्षांची झाल्यावर, कळली.


५ जून

पहिला सिनेमा ‘कुंकू’, १९३७ चा, प्रभातचा. निवड नशिबाने लागली. गाणी सोडली तर या सिनेमात पार्श्वसंगीत नाहीच. व्ही. शांतारामांनी घरातलेच आवाज वापरलेत: पावलं, दारं आणि म्हाताऱ्या नवऱ्याचं ते भिंतीवरचं घड्याळ. सत्त्याऐंशी वर्षांपूर्वीचा हा सिनेमा दिसत नसलेल्या माणसासाठी बेतल्यासारखा आहे. प्रसंग कोणत्या खोलीत चाललाय हे अण्णा आवाजावरून ओळखत होते.

मी मात्र चुकले. वीस मिनिटं झाल्यावर अण्णांनी हात वर केला. म्हणाले, “बाळ, ती रागावलीय हे तू नको सांगूस. ती काय करतेय ते सांग.” मी लिहिलं होतं: “ती संतापाने त्याच्याकडे बघते.” मागे जाऊन पुन्हा पाहिलं. शांता आपटे नुसती मान वळवते आणि मग सावकाश पापणी उचलते. तेवढंच लिहिलं. नव्याने ऐकवलं तर अण्णा म्हणाले, “बापरे! भडकलीय पोर.”

पहिला नियम तिथेच मिळाला.

दुसरा शब्द अण्णांनीच दिला. जिथे त्यांना काय चाललंय ते कळेनासं होतं तिथे ते म्हणतात, “तार तुटली.” लूमवर तार तुटली की साचा थांबवायचा, गाठ मारायची आणि मग पुढे. ‘कुंकू’त नऊ ठिकाणी तार तुटली. सगळ्या गाठी मारून झाल्या.

सिनेमाबद्दल माझं मत: मी हा कॉलेजात पाहिला होता तेव्हा मला तो ‘जरठकुमारी विवाहाचा सामाजिक चित्रपट’ वाटला होता. चाळीस वर्षं मी त्याला तसंच लेबल लावून ठेवलं. आता ओळीओळीने वर्णन लिहिताना लक्षात आलं की खरी ताकद केशवराव दात्यांच्या म्हाताऱ्यात आहे. तो दुष्ट नाही. तो भ्यालेला आहे, वयाला. घड्याळाची टिकटिक त्याच्यासाठीच आहे. शांतारामबापूंनी त्या माणसालाही माणूस ठेवलं म्हणून ती मुलगी इतकी उंच वाटते. आजच्या किती सिनेमांना समोरच्या पक्षाची एवढी कदर असते?


९ जून

‘श्यामची आई’, १९५३. आचार्य अत्र्यांचा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक ज्याला मिळालं तो.

काम दीड दिवसात संपलं, कारण सांगण्यासारखं फारसं उरतच नाही. सगळं संवादात आहे. अण्णांनी सलग ऐकला, तार एकदाही तुटली नाही, आणि शेवटाला ते रडले. वनमालाबाईंचा आवाज आला की ते पुढे वाकून बसत. वनमालाबाई आपल्या ग्वाल्हेरकडच्या, याचा त्यांना आजही अभिमान आहे.

मी रडले नाही, आणि ते लिहून ठेवायला हवं. हा सिनेमा डोळे मिटूनही पूर्ण कळतो. आईचं सोसणं आपल्याला सांगितलं जातं, ते शोधावं लागत नाही. साने गुरुजींच्या पुस्तकात मला ती आई जास्त भेटते. मी हे बोलून दाखवलं तर अण्णा दिवसभर माझ्याशी तुटक बोलले.


१६ जून

‘दो बीघा ज़मीन’. हाही १९५३ चाच. एकाच वर्षीचे दोन सिनेमे, पण एकासाठी मी चार पानं वर्णन लिहिलं आणि दुसऱ्यासाठी एकोणतीस.

बिमल रॉयनी बलराज साहनींना कलकत्त्याच्या रस्त्यावर खरी रिक्षा ओढायला लावली. शर्यतीचा तो प्रसंग आठवतो ना? पुढच्या रिक्षात बसून निघालेल्या मुलीला गाठायचं म्हणून मागच्या रिक्षातला तरुण जास्त जास्त पैसे कबूल करत जातो आणि शंभू पळत सुटतो. शेवटी चाक निखळतं. तो सगळा प्रसंग पाय, चाकं, छाती, पुन्हा पाय असा कापत नेलाय. चित्र इतकं भराभर बदलतं की प्रत्येकाला एक शब्द द्यायला गेलं तरी मागे पडायला होतं. मी सहा वेळा रेकॉर्ड केलं. सातव्या वेळी वाक्यं सोडून दिली आणि फक्त म्हटलं: “पाय. चाक. तोंड उघडं. पाय. नोट पुढे येते. पाय.” अण्णांच्या खुर्चीचा दांडा त्यांच्या मुठीत आवळला गेलेला मी बघितला.

शेवटाला त्या जमिनीवर कारखाना उभा आहे. शंभू कुंपणातून मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी ती टाकायला लावतो.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपली मिलसुद्धा कुणाच्या तरी शेतावरच उभी राहिली असेल. आम्ही त्या शेतावर अठ्ठावीस वर्षं पगार घेतला.” हा सिनेमा त्यांनी तरुणपणी दोनदा पाहिला होता. तेव्हा फक्त रिक्षाची दया आली होती म्हणाले.

माझ्या लेखी हा आपल्या देशातल्या पाच मोठ्या सिनेमांतला एक आहे, आणि हे मत मी कुणाशीही भांडून टिकवीन.


२३ जून

तांत्रिक. आवाज बदलला. शाळेत भूगोल शिकवताना मागच्या बाकापर्यंत पोचावं म्हणून मी आवाज चढवायचे, ती सवय इथे उलटी पडते. अण्णांना चढा आवाज फाटका ऐकू येतो. खालच्या पट्टीत, सावकाश, शब्दामागे किंचित थांबून बोलायचं. स-श-तचे शब्द जमतील तिथे टाळायचे: ‘शांतपणे बसतो’ ऐवजी ‘न बोलता खाली टेकतो’. यामुळे मराठीतले कितीतरी विसरलेले शब्द पुन्हा हाताशी आले.

पाऊस सुरू झालाय. पत्र्यावरचा आवाज माइकमध्ये येतो. आता रेकॉर्डिंग पहाटे.


७ जुलै

‘पुष्पक’. ही नोंद लांबणार.

१९८७ चा, सिंगीतम श्रीनिवास राव यांचा. आख्ख्या सिनेमात एक संवाद नाही. मुलगा म्हणाला, “आई, हे वेडेपण आहे. ज्यात बोलणंच नाही असा सिनेमा आजोबांना ऐकवणार?” पण अण्णांनी स्वतः मागितला होता. आई आणि ते दोघांनी मिळून पाहिलेला हा शेवटचा सिनेमा.

दोन आठवडे लागले. दोन तासांहून जास्त मीच बोलतेय. विनोद सांगून दाखवणं किती अवघड असतं ते मला माहीत नव्हतं. बेकार कमल हासन भिकाऱ्यापुढे ऐटीत नाणं काढून दाखवतो. भिकारी आपल्या खालचं फाटकं सारतो, तर नोटा. यात भिकाऱ्याचा हात कुठे जातो ते अर्धा क्षण आधी सांगितलं तर विनोद मेला, अर्धा क्षण उशिरा सांगितलं तर शिळा झाला. बर्फाच्या सुरीचे प्रसंग तर त्याहून कठीण. मारेकऱ्याची सुरी बर्फाची आहे, ती वितळते, ही गंमत आवाजात कुठेच नाही. मी म्हटलं: “हातात सुरी. सुरीच्या टोकावरून पाणी टपकतं.” आणि थांबले. अण्णा दोन क्षणांनी हसले. त्या दोन क्षणांत त्यांनी स्वतः शोधलं, म्हणून हसले.

मग तो प्रसंग आला. गरीब खोलीतून पंचतारांकित हॉटेलात गेलेल्या नायकाला मऊ गादीवर झोपच येत नाही. त्याच्या खोलीशेजारी सिनेमाचं थिएटर होतं, त्या गोंगाटाची सवय लागलेली. शेवटी तो जाऊन तो गोंगाट टेप करून आणतो, हॉटेलात लावतो आणि गाढ झोपतो.

अण्णांनी हात वर केला. मला वाटलं तार तुटली. मी थांबवलं.

“मिल बंद झाली ना,” ते म्हणाले, “तेव्हा सहा महिने मला झोप नव्हती. तुझी आई रात्री शिवणयंत्र चालवायची. तुम्हाला वाटायचं, शिवणाचे पैसे येतात म्हणून. काही रात्री त्यात कापडच नसायचं.”

मी त्या घरात होते. ते यंत्र ऐकत ऐकत मी बी.एड.चा अभ्यास केला. मला हे माहीत नव्हतं.

त्या रात्री अण्णांनी आणखी एक सांगितलं आणि करूनही दाखवलं. साळखात्यात सोमवारी ज्याने रविवारी सिनेमा पाहिला असेल त्याने तो बाकीच्यांना सांगायचा, अशी रीत होती. पण तिथे तर शेजारच्याचं ओरडणंही ऐकू यायचं नाही. मग सांगायचा कसा? हातांनी आणि ओठांनी. दोन लूमच्या मधल्या बोळात उभं राहून, एक डोळा धोट्यावर ठेवून. नायिका म्हणजे कानामागून हात वळवायचा. खलनायक म्हणजे अंगठ्याने मिशी. पाऊस म्हणजे दहाही बोटं वरून खाली. अण्णांनी मला ‘पुष्पक’चा शेवट हातांनी सांगितला. मुलगी गाडीतून जाताना गुलाब टाकते, गुलाबासोबत पत्त्याची चिठ्ठी, वारा येतो, चिठ्ठी उडून गटारात. त्यांचा उजवा हात चिठ्ठी झाला होता. तो हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला, गिरकी घेत खाली आला आणि गुडघ्याशी येऊन चपटा झाला. त्यांना तो दिसत नव्हता. मला दिसत होता.

म्हणजे हे काम आमच्या घरात आधीपासूनच आहे. ते आवाजाशिवाय सांगायचे, मी चित्राशिवाय सांगते.

‘पुष्पक’ला लोक हलकाफुलका विनोदी सिनेमा म्हणतात. मला तो नोकरी नसलेल्या तरुणाचा अतिशय गंभीर सिनेमा वाटतो. शेवटी तो पुन्हा नोकरीच्या रांगेत उभा राहतो, आणि ती रांग मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काही सांगते.


१७ जुलै, आषाढी एकादशी

‘संत तुकाराम’, १९३६. आज दुसरं काही लावणं शक्यच नव्हतं. साबुदाण्याची खिचडी, शेजारची चार माणसं आणि हॉलमध्ये सतरंजी.

दामले आणि फत्तेलाल या जोडीतले दामले प्रभातचा ध्वनी सांभाळायचे, आणि ते ऐकताना कळतं. १९३६ चं रेकॉर्डिंग असूनही अण्णांना शब्द लागतात. ‘आधी बीज एकले’ सुरू झालं तेव्हा शेजारच्या काकू तुकोबांचा अभंग म्हणून हात जोडून म्हणू लागल्या. तो लिहिलाय शांताराम आठवल्यांनी, या सिनेमासाठी. मी काही सांगितलं नाही. ज्या गीताला वारकऱ्यांनी अभंग मानलं त्याची पावती आणखी कुणी द्यायला नको.

विष्णुपंत पागनीस थोर आहेतच. पण मी जिजाईची आहे. गौरीबाईंनी जी जिजाई उभी केलीय ती मला आख्ख्या मराठी सिनेमातली सर्वांत जिवंत बाई वाटते. पोर आजारी, घरात दाणा नाही, आणि ती वहाण उगारून विठ्ठलापुढे उभी राहते. मी वर्णनात लिहिलं: “एका हातात पोर. दुसऱ्या हातात पायातली वहाण. समोर विठ्ठल, कमरेवर हात.” वाचताना माझा आवाज चिरकला. पुन्हा रेकॉर्ड नाही केला, तसाच ठेवला.

विमान वैकुंठाला निघतं तेव्हा सगळी सतरंजी नमस्कार करत होती. अण्णांनी विचारलं, “जिजाई कुठेय?” मी म्हटलं, खाली. “मग तिथेच बघ,” ते म्हणाले.


२८ जुलै

एक काम अर्धवट सोडलं. गेल्या दोन वर्षांतला एक प्रचंड गाजलेला सिनेमा, नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही. नातवाला आजोबांसोबत तोच हवा होता. पण त्यात मला बोलायला जागाच सापडली नाही. पहिल्या चाळीस मिनिटांत ढोल, धमाका, घोषणा यांच्यामधली सर्वांत मोठी मोकळी जागा तीन सेकंदांची निघाली. अण्णांना तर तो साळखात्यासारखाच लागला. “नुसते साचे चालू आहेत, कापड कुठेय?” असं म्हणून ते उठले.

आवाज मोठा असल्याची ही तक्रार नाही. माझी तक्रार अशी की हे सिनेमे माणसाला एक क्षणही एकटं सोडत नाहीत. प्रेक्षकाने स्वतः काही पाहावं, काही जोडावं, याला वाव नाही. नातू हिरमुसला. त्याला वेगळा, त्याच्यासोबत थिएटरात जाऊन दाखवीन.


४ ऑगस्ट

‘स्पर्श’, १९८०. सई परांजपे. (‘कुंकू’त सावत्र मुलीचं काम करणाऱ्या शकुंतला परांजपे या सईंच्या आई. त्रेचाळीस वर्षांचा धागा एका घरातून आलेला.)

अंध शाळेच्या मुख्याध्यापकाची गोष्ट. मी घाबरत घाबरत लावला. नसीरुद्दीन शाहांचं काम मला नेहमीच थोर वाटत आलं होतं, पण का, ते आता कळलं. वर्णन लिहिताना मी ‘तो तिच्याकडे बघतो’ असं एकदाही लिहू शकले नाही. ते वाक्य लागूच पडत नाही. तो समोरच्याकडे तोंड नाही, कान वळवतो. हात वस्तूकडे जाताना आधी टेबलाची कड धरतो. अण्णा हल्ली अगदी हेच करतात आणि मी ते रोज बघत असून मला शब्दांत दिसलं नव्हतं.

शाळेतली मुलं खरीच अंध शाळेतली आहेत. त्यांच्या दंग्याचे प्रसंग मला सगळ्यांत आवडले. कुणी त्यांच्याकडून केविलवाणं काही करून घेतलेलं नाही.

नायकाला कुणी न मागता मदत केलेली खपत नाही. एका ठिकाणी तो तसा फटकारतो तेव्हा अण्णा जोरात म्हणाले, “बरोबर!” आणि सिनेमा संपल्यावर स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहा टाकला. मी दारात उभी राहिले. साखर डब्याच्या झाकणावर सांडली, गॅस दुसऱ्या काडीला पेटला. मी हात पुढे केला नाही. चहा पांचट होता आणि आम्ही दोघांनी सगळा प्यायला.


११ ऑगस्ट

‘कोर्ट’, २०१४. चैतन्य ताम्हाणे. ज्यांना हा सिनेमा कंटाळवाणा वाटतो त्यांनी एकदा त्याचं वर्णन लिहून बघावं.

कॅमेरा लांब ठेवलेला, हलत नाही, पंधरा-वीस माणसं एका चौकटीत. लोकशाहीर नारायण कांबळेंवर खटला चालू आहे: गटारात उतरणाऱ्या कामगाराला त्यांच्या गाण्याने आत्महत्येला प्रवृत्त केलं म्हणे. न्यायाधीश सगळं टंकलेखकाला सांगत जातात. पण चौकटीत मागच्या बाकावर आणखी कुणीतरी आपल्या नंबराची वाट बघत बसलेलं असतं, कुणी फाइल चाळतं. कशाचं वर्णन करायचं? दिग्दर्शकाने बोट दाखवलेलंच नाही. मी आधी फक्त वकील आणि न्यायाधीश सांगितले. मग वाटलं, ही तर फसवणूक झाली. दुसऱ्या आवृत्तीत मागचे बाकही घेतले.

सरकारी वकीलबाईंचा भाग मला फार मोठा वाटतो. गीतांजली कुलकर्णींनी तो केलाय. लोकलमध्ये शेजारणीशी ऑलिव्ह तेलाच्या गप्पा, मुलाला शाळेतून आणणं, घरी येऊन स्वयंपाक. अगदी आपल्यातल्या. आणि हीच बाई उद्या त्या शाहिराला वीस वर्षं आत ठेवा म्हणून उभी राहणार. मला तिचा राग येईना, आणि राग येत नाही याचीच भीती वाटली.

शेवटाकडे सुट्टी लागते, कोर्ट रिकामं होतं, एकेक दिवा मालवला जातो. पडदा काळा. मी कपाटात माइकसमोर बसून होते आणि इथे काय म्हणावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, “अंधार.” आणि पुढे गप्प.

अण्णांनी विचारलं, “आता तुलाही काही दिसत नाही ना?”

“नाही.”

“किती वेळ आहे?”

ते ऐकत राहिले. त्या काळ्या पडद्यापुढे आम्ही दोघं सारखेच बसलो होतो.


१५ ऑगस्ट

‘फॅन्ड्री’. नागराज मंजुळे, २०१३. तारखेचा विचार करून लावला नव्हता, फाइल आज तयार झाली एवढंच.

जब्याचं कुटुंब गावात डुकरं धरतंय, शाळेतली मुलं भिंतीवर बसून हसतायत. डुक्कर अगदी हाताशी आलं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं. अण्णा आवाज ऐकताच खुर्चीच्या दांड्यावर हात रोवून उभे राहिले. सकाळीच सोसायटीच्या झेंडावंदनाला जाऊन आले होते.

मला तिथे सांगायचं होतं: “जब्या जागच्या जागी ताठ. बाप ताठ. आई ताठ. डुक्कर चालत दूर जातं.”

अण्णा उभ्यानेच ऐकत होते. गीत संपल्यावरही बसले नाहीत. भिंतीजवळ चाचपडत गेले आणि आईच्या फोटोखाली उभे राहिले. मी थांबवलं तर म्हणाले, “चालू ठेव.”

पुढे पकडलेलं डुक्कर काठीला बांधून जब्याच्या घरचे शाळेच्या भिंतीजवळून जातात. भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले. मी फक्त नावं वाचली, एकामागून एक, त्यांच्या चालीच्या वेगाने. शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घातला. ‘दगड प्रेक्षकाकडे येतो’ असं लिहिलं, खोडलं. ‘कॅमेऱ्याकडे’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं: “दगड तुमच्याकडे येतो.” घरात मी अण्णांना अहो-जाहो करते, तेच ‘तुमच्याकडे’. ते दचकले.

गेल्या वीस वर्षांत मराठीत यापेक्षा मोठा सिनेमा मी पाहिला नाही.


२५ ऑगस्ट

‘श्वास’ यादीत नव्हता. मी मुद्दामच घेतला नव्हता. कोकणातल्या लहान मुलाच्या डोळ्यांत कर्करोग, शस्त्रक्रियेत दृष्टी जाणार, आणि त्याआधी आजोबा त्याला दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढून जग दाखवून आणतात. अण्णांनीच विचारलं, “त्या अरुण नलावडेचा तो कधी करतेस?”

केला. अण्णांची प्रतिक्रिया मला वाटली होती त्याच्या अगदी उलट आली. ते मुलाच्या बाजूने ऐकत नव्हते, आजोबाच्या बाजूने ऐकत होते. “याला वाटतंय, एका दिवसात सगळं दाखवता येईल,” असं म्हणून ते हळहळत होते. संपल्यावर त्यांनी मला त्यांना आठवत असलेलं सांगायला सुरुवात केली: कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या समाध्यांच्या छत्र्या, आईची जांभळी इरकल, मी पहिलीत असतानाचा माझा पुढचा पडलेला दात.

२००४ साली हा सिनेमा आला तेव्हा मराठी चित्रपट पुन्हा उभा राहिला असं सगळे म्हणाले. मला त्यातलं पार्श्वसंगीत आज जड वाटतं, दोन ठिकाणी तर ते माझ्या शब्दांशी भांडत होतं. पण नलावड्यांच्या चेहऱ्यावरचं वर्णन लिहिताना मी जे शब्द जोडले त्यातला एकही मला फुकट गेलेला वाटत नाही.


८ सप्टेंबर

‘सैराट’, २०१६. काल गणपती बसले. घरात पाहुणे, काम रात्री.

पूर्वार्ध सोपा. आर्चीचा ट्रॅक्टर, बुलेट, विहीर, अजय-अतुलचा भरजरी वाद्यवृंद. अण्णा मांडीवर ताल धरत होते. उत्तरार्ध मला आधीही जास्त आवडायचा आणि आता तर खूपच. हैदराबादची ती झोपडी, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातलं काम. प्रेमात पडलेल्या दोन मुलांना भाडं, पाणी, संशय, थकवा हे सगळं जगावं लागतं, हे आपल्या सिनेमाने किती वेळा दाखवलंय?

अडचण शेवटाची. मंजुळेंनी तिथे आवाजच काढून घेतलाय. मूल रडतं, ते ऐकू येत नाही. डोळस प्रेक्षकाचा आवाज जातो आणि फक्त दिसणं उरतं. अण्णांना तर काहीच उरत नाही. मी गप्प राहिले तर त्यांना वाटेल मशीन बंद पडलं. बोलले तर दिग्दर्शकाने जाणूनबुजून ठेवलेली शांतता मी मोडली.

चार आवृत्त्या केल्या. पहिलीत सगळं सांगितलं, ऐकवेना. दुसरीत काहीच नाही, अण्णा “वीज गेली का?” म्हणाले. तिसरीत नुसती मुलाची पावलं. चौथी ठेवली: “आवाज गेलाय. सिनेमा चालू आहे.” मग बारा सेकंद काही नाही. मग: “मूल दारातून बाहेर येतं. फरशीवर पावलं उमटतात. लाल.” मग शेवटपर्यंत काही नाही.

अण्णांनी हात वर केला नाही. त्यांनी हातांनी काहीतरी केलं, मांडीवर, माझ्यासाठी नसावं. दोन बोटं, चिमुकल्या पावलांनी, गुडघ्याकडून पुढे.


१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

अण्णांना झाक्या, म्हणजे विसर्जन मिरवणुकीतले फिरते देखावे, बघायच्या होत्या. बघायच्याच म्हणाले. गेली तीन वर्षं ते घरीच थांबले होते. जेल रोडला ओळखीच्यांच्या ओट्यावर दोन खुर्च्या मिळाल्या, रात्री दहाला जाऊन बसलो. जिरावण घातलेले पोहे, गर्दी, ढोल. आधी आखाडे आले. मी त्यांच्या उजव्या कानाशी, खालच्या पट्टीत, सुरू झाले: “बारा-तेरा वर्षांची मुलगी. दोन्ही हातांत पट्टे. फिरते. पुन्हा फिरते. गर्दी मागे सरकते.”

मग मिलच्या झाक्या. मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी झाकी निघते. हजारो दिवे, फिरती चक्रं, हलणारे पुतळे. “कृष्ण कालियाच्या फण्यावर,” मी सांगू लागले, “फणा वर-खाली होतोय, निळे दिवे...”

अण्णांनी हात वर केला.

“दिवे दिसतात मला, बाळ. कडेने दिसतात. तू झाकीबरोबर कोण चालतंय ते सांग.”

मी ओट्यावर उभी राहिले. “सात-आठ म्हातारे. पांढरे सदरे. एकाच्या हातात वायरचं भेंडोळं आहे. एक सारखा खाली वाकून ट्रॉलीच्या चाकाकडे बघतोय. एकाने टोपी काढून घाम पुसला. टक्कल. डावा खांदा उतरलेला आहे.”

“डावा?”

“हो, डावा. आता तो इकडे बघतोय. ओट्याकडे. थांबलाय.”

अण्णांनी दोन्ही हात वर केले, ढोलांच्या वर, आणि त्या दिशेला बोटांनी काहीतरी बोलू लागले.

“काय करतोय तो?”

“हात वर केलेत,” मी म्हटलं. “दोन्ही. बोटं हलवतोय.”

“भराभर नको. एकेक बोट सांग.”